शेंदराखालचा बाण

आमच्या गावाचा देव हा मुळात हद्दीचा दगड आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. दगड आणि देव दोघंही एकाच जागी सुखाने नांदत होते. भांडण लागलं ते पुढे, आणि तेही माणसांनी लावलं.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खाली केळी आणि कापूस, वर सागाचं जंगल, आणि मधल्या उतारावर गायरान. हे गायरान आमच्या एकट्याचं नाही. वरच्या पाड्याचं आणि आमचं मिळून, सामाईक. इंग्रजांच्या काळात कधीतरी जंगलाची हद्द ठरली तेव्हा तिच्यावर ओळीने दगड पुरले गेले. दगडांच्या वर सरकारचं बंद जंगल, दगडांच्या खाली दोन्ही गावांची गुरं. प्रत्येक दगडावर छिन्नीने कोरलेला बाण आणि त्याखाली आकडा. पहिले तीन दगड एका सरळ रेषेत होते. चौथा मात्र रेषा सोडून वर डोंगरात घुसलेला, आणि पाचवा पुन्हा खाली. चौथ्या दगडापाशी हद्दीला असं कोपर आलं होतं, आणि त्या कोपराच्या आत एक झिरा होता. वैशाखात नाले कोरडे ठाक पडले तरी त्या झिऱ्याला पाणी असे. हद्द तिथे का वळवली, कुणी वळवली, मला माहीत नाही. पण ज्याने तो दगड तिथे पुरला त्याला गुरांची तहान कळत होती एवढं नक्की.

हाच चौथा दगड देव झाला. पाड्याचे लोक त्याला वाघदेव म्हणत आणि आम्ही शिवेवरचा देव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला दोन्ही गावं तिथे जमत. गुरं सुखरूप राहावीत, वाघाने त्यांच्या वाटेला जाऊ नये, एवढंच मागणं. पूजा पाड्याच्या पुजाऱ्यांनी सांगायची, तेल आणि शेंदूर आम्ही न्यायचा. कोंबडा त्यांचा, नारळ आमचा. कोंबडा कापताना आमची माणसं मोठ्या भक्तिभावाने झिऱ्याकडे तोंड करून उभी राहत, आणि जेवणाची वेळ झाली की त्यातली बरीचशी बरोबर मागे वळत.

शेंदूर चढवायचं काम आबांचं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घरात शेती वडिलांनी बघायची आणि गुरं आबांनी, अशी वाटणी न बोलता झालेली होती. आबांनी लग्न केलं नाही. त्यांच्या तांबड्या अंगावर पांढरे डाग असलेल्या निमाडी गायी हाच त्यांचा संसार. ते लहानपणी गुरांमागे जायचे तेव्हा त्या दगडावर शेंदराचा थर पातळ होता आणि बाण स्पष्ट दिसत असे. बाणाखालच्या आकड्यात बोट घालून ते गिरवत बसायचे. त्यामुळे आबांना शाळेत जायच्या आधी चार लिहिता येत होता, एक-दोन-तीन नंतर आले. मलाही त्यांनी चार असाच शिकवला, माझं बोट धरून, हवेत. माझ्या वेळेपर्यंत दगडावर तळहाताएवढा जाड थर झाला होता आणि बाण कुठे आहे ते फक्त आबांनाच सांगता येई.

पुढे मी लग्न होऊन जळगावला आले. पिंप्राळ्यात घर, दोन खोल्या, मग चार. गावी जायचं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला. दर वेळी गेलं की एखादं घर नवं झालेलं दिसे. मातीची धाब्याची घरं गेली आणि स्लॅबची आली. आमचंही झालं. आणि एका दिवाळीत मी पाहिलं तर बसस्टॉपच्या शेजारी, रस्त्याला लागून, नवं देऊळ उभं होतं. पांढऱ्या टाइल्स, स्टीलचं दार, वर कळस. आत देव मात्र नव्हता.

देव कोणता बसवायचा हे गावाने आधीच ठरवलं होतं. शिवेवरचा देव तिथून उचलून इथे आणायचा. वर चढून जाणं म्हाताऱ्यांना जमत नाही, बायकांना तर क्वचितच जमतं, आणि देव बिचारा ऊन-पाऊस सोसत एकटा. हे सगळं खरंच होतं, म्हणूनच गावात त्याला कुणी विरोध केला नाही. सगळ्यात पुढे आबा होते. वाघबारसेच्या पूजेनंतर, सगळे अजून तिथेच असताना, त्यांनी गाडी दगडापाशी लावली आणि पाड्याच्या लोकांना सांगितलं, "बठ्ठास्ना घरले स्लॅब पडनात, आनि आपला देव उनमा बशेल शे."

पाड्याचे पुजारा दगडासमोर येऊन उभे राहिले. वाळकुडे, उंच, डोक्याला फडकं. ते आणि आबा बरोबरीचे, एकत्र गुरं राखलेले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आबा, तो आठे राखन करस. त्याले घर नको."

"देवले सावली नको का भाऊ?"

"तो घर गया ते आठे कोन दखी?"

इथे कोण बघणार, हाच त्यांचा प्रश्न होता. पण गावाकडे ढोल होते आणि गुलाल होता. पहारी घातल्या, दगड हलला, खालून ओल्या मातीचा वास आला. मी तिथेच होते. दगड जेवढा वर दिसत होता तेवढाच जमिनीत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आबांनी स्वतःच्या सदऱ्याने त्याच्या बुडाची माती पुसली. पाड्याचे लोक खड्ड्याभोवती तसेच उभे राहिले आणि आम्ही वाजतगाजत खाली आलो. दगड पुरायची सोय टाइल्समध्ये नव्हती, म्हणून बुडाचा भाग सिमेंटमध्ये बसवला. समोरून चांदीचे डोळे चिकटवले. देव छान दिसत होता, खोटं कशाला बोलू. मीही पाया पडले आणि डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर पाड्याची माणसं आमच्याकडे कापूस वेचायला येत, केळीच्या बागेत कामाला येत, दुकानातून मीठ-तेल नेत. पण देवळाच्या पायरीला त्यांनी कधी हात लावला नाही. वाघबारसेला ते वर त्या रिकाम्या खड्ड्याचीच पूजा करू लागले. आमच्या गावात यावर हसणारे होते. मी हसणाऱ्यांना चार शब्द सुनावले. माझा स्वभाव तापट आहे. सासरी म्हणतात, ही भर वैशाखात जन्मली असणार. पण माहेरवाशिणीचा राग गावाला लागत नाही, तो चहाबरोबर संपतो.

काही वर्षं गेली. मग बातमी आली की जंगलाच्या हद्दीवर तारेचं कुंपण पडणार, आत झाडं लावणार, आणि त्याआधी मोजणी होणार. चुलत भावाच्या हळदीसाठी मी गावी गेले होते, मोजणी नेमकी तेव्हाच आली. मोजणीचे साहेब तरुण होते, बोलायला सरळ. तिपाईवर यंत्र लावून त्यांनी पहिला दगड शोधला, दुसरा, तिसरा. मग पाचवा सापडला. चौथा नव्हता.

त्यांनी दोन्ही गावांना वर बोलावलं आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं. नकाशात इथे वळण दिसतं, पण नकाशातली रेघ एवढी जाड आहे की तिच्याखाली अख्खं शेत मावेल. ते वळण किती वर जातं हे दगडावरून ठरतं. दगड दाखवा, मी तिथून मोजतो. दगड नसेल तर मला तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत सरळ रेषा धरावी लागेल.

सरळ रेषा धरली तर झिरा कुंपणाच्या आत जातो, हे कळायला यंत्राची गरज नव्हती. झिरा गेला की उरलेलं गायरान उन्हाळ्यात नुसतं फुफाटा. आबांच्या गायी पावसाळा सोडला तर त्याच पाण्यावर होत्या. पाड्याच्या बकऱ्याही. आबांचा चेहरा मी पाहिला. गाय विताना अडली की तो जसा व्हायचा तसा झाला होता.

पुजारा पुढे झाले. त्यांनी साहेबांना खड्डा दाखवला. साहेब म्हणाले, खड्डा कुणीही खणू शकतो बाबा, यातला दगड कुठे आहे? पुजाऱ्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. आम्ही सांगावं म्हणून वाट पाहत असावेत. मग त्यांनीच सांगितलं, "खाले यास्ना मंदिरमा बशेल शे तो. शेंदूरखाले बान शे. खरडीसन दखा."

गाव एकदम खवळलं. तो दगड नाही, देव आहे. आमच्या देवाला हे हद्दीचा दगड म्हणतात. ही सगळी मंडळी तीच होती जी लहानपणापासून आबांच्या तोंडून चारची गोष्ट ऐकत आली होती. सरकारी दगड उपटला म्हणून गुन्हा लागेल, ही भीती होतीच. पण नुसती भीती असती तर मला समजलं असतं. खरी गोष्ट अशी की देऊळ झाल्यापासून गावाला एक तोरा आला होता, यात्रा भरू लागली होती, आजूबाजूची गावं नवस बोलायला येत होती. त्या देवाच्या पोटात सरकारी आकडा निघाला तर काय राहणार होतं?

साहेब खाली देवळात आले. बूट बाहेर काढले, पाया पडले. आणि जे बोलले ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. "देव इथून हलवायचा नाही. गुन्ह्याचंही मी बोलत नाही. फक्त बाणाएवढी जागा मोकळी करून दाखवा, मी फोटो काढतो आणि वरच्या खड्ड्यापासून मोजतो. मग परत शेंदूर लावा."

यापेक्षा सोपं काही असू शकतं का? मला वाटलं, झालं, मिटलं. नखाएवढं काम. पण खरवडणार कोण? शेंदूर आबांचा, सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. कुणी त्यांना नको म्हणालं नाही, कुणी कर म्हणालं नाही. आबा गाभाऱ्यात गेले. बाण कुठे आहे हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. चांदीच्या दोन डोळ्यांच्या मधोमध. म्हणजे आधी डोळे काढावे लागणार होते.

त्यांनी हात वर नेला. तो तिथेच थांबला. मग ते बाहेर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "मन्हाथीन व्हनार नई."

"मी खरवडते," मी म्हणाले. खरंच पुढे गेले. केसांतला आकडा हातात होता माझ्या. माझ्याच धाकट्या चुलत्याच्या मुलाने, ज्याच्या हळदीला मी आले होते, मला दारात अडवलं. "अक्का, तुनं गाव आते जळगाव शे," असं म्हणाला. अंगाला हळद लागायची अजून, हातात नवरदेवाची कट्यार, आणि मला गाव शिकवतोय. मी आबांकडे पाहिलं. वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे तिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

त्या क्षणी मला आबांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. अजून थोडा आहे. ज्या माणसाने गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढून काढलं, त्याला चार बोटं शेंदूर काढवेना. पण रागाच्या खालून दुसरंही काही वर येत राहतं. त्या शेंदराचा प्रत्येक थर त्यांनी चढवला होता. आजारपणात, दुष्काळात, माझ्या आजोबांच्या तेराव्यानंतर आलेल्या वाघबारसेला. आम्हाला तो लेप दिसत होता. त्यांच्यासाठी ती देवाची कातडी होती.

साहेब बराच वेळ थांबले. पायरीवर बसून पाणी प्यायले. मग बूट घातले. पुजारा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. ते सरळ पाड्याच्या वाटेला लागले. हळद संध्याकाळी झाली, डीजेसकट.

कुंपण पावसाळ्याआधी पूर्ण झालं. सरळ रेषेत, सुरेख, खांबाला खांब. झिरा आत. पहिल्या उन्हाळ्यात आबांनी गायींना खाली विहिरीवर आणून पाणी पाजलं. केळीला पाणी पुरत नाही तिथे गुरांना कुठून, म्हणून वडिलांची आणि त्यांची कुरबुर झाली. जन्मात पहिली. गायी सवयीने रोज वर जायच्या आणि तारेला छाती लावून उभ्या राहायच्या. पाण्याचा वास येत असणार. एकीने तारेत मान घातली. गळ्याची जखम चिघळली, त्यात किडे पडले, आबांनी हळद-चुना सगळं केलं, डॉक्टर आणला. ती गेली. त्यानंतर आबांनी व्यापाऱ्याला बोलावलं. पिकअप आली तेव्हा ते घरात नव्हते. आई सांगते, ते दिवसभर गोठ्याच्या मागे बसून होते आणि गाडीचा आवाज गेल्यावर येऊन त्यांनी गोठा झाडला. नंतरही कितीतरी दिवस झाडत होते, शेणाचा एक पो नसलेला गोठा.

पाड्यावरच्या बकऱ्याही विकल्या गेल्या. तिथली तरुण पोरं ऊसतोडीला गुजरातेत गेली. पुजारा घरीच असतात. वाघबारसेला ते तारेच्या अलीकडे नारळ ठेवतात, आतल्या खड्ड्याकडे तोंड करून.

या आखाजीला मी गावी होते. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण, झोके, गाणी. उन्हाने नुसती काहिली होत होती. दुपारी देवळाकडून आरडाओरडा ऐकू आला. देवाने कवच टाकलं होतं. आमच्याकडे असं म्हणतात, शेंदराचा जुना थर आपणहून सुटून पडला की देवाने कवच टाकलं. वर जंगलाच्या कडेला, उघड्या दवात तो थर कधी तडकला नव्हता. इथे बंद देवळात, स्लॅबच्या उबेत, तो सुकून तडकला आणि अख्खाच्या अख्खा खाली आला. आबांनी दिलेल्या सावलीतच.

मी गेले तेव्हा थर जमिनीवर उताणा पडला होता, चांदीचे डोळे छताकडे लावून. वर काळा दगड उघडा. त्यावर बाण, आणि बाणाखाली चार. इतके स्वच्छ, जणू काल कोरलेले.

गाव लोटलं. मला वाटलं, आता तरी कुणी एक जण म्हणेल. एक तरी. "देवना बान!" एक बाई ओरडली आणि सगळ्यांनी हात जोडले. देवाने बाण दाखवला. आकड्याचंही लगेच ठरलं, चार म्हणजे चार दिशा. मोबाइल वर झाले, फोटो निघाले, संध्याकाळपर्यंत पार चाळीसगावपर्यंतच्या पाहुण्यांचे फोन आले. तोच फोटो, जो साहेबांना हवा होता. गावाने तो शेकडो वेळा काढला. मी मोठ्याने म्हणाले, हा हद्दीचा बाण आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आवाजावर कुणीतरी आरती सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव उन्हाने घरात दडलेलं असताना, आबा मला म्हणाले, "शेंदूर आन." मी तेल, शेंदूर आणि वाटी घेऊन त्यांच्यामागे देवळात गेले. आबा आता वाकले आहेत. ते देवासमोर बसले. मग त्यांनी बोट आकड्याच्या खाचेत घातलं आणि चार गिरवला. मला शिकवला होता तसाच, वरून खाली, सावकाश. त्यांचं बोट आता जाड झालं आहे, खाचेत नीट बसत नव्हतं.

"आते दखाडस?" ते देवाला म्हणाले.

मी तेलात शेंदूर कालवला. त्यांनी आधी बाण भरला, मग आकडा, मग वरून हात फिरवून सगळं सारखं केलं. मी रडत होते आणि चिडलेलेही होते. शेवटी मी जमिनीवरच्या थरातून चांदीचे डोळे काढून, पुसून त्यांच्यापुढे धरले.

आबांनी मान हलवली. "डोया नको. काय दखी तो आठे?"

डोळे मी त्यांच्या हातात दिले. ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि काठी घेऊन उन्हात बाहेर पडले, तारेच्या दिशेने. संध्याकाळी ते परत आले तेव्हा खिसा रिकामा होता. दोन दिवसांनी गावाने देवाला नवे डोळे आणून बसवले, आधीच्यापेक्षा मोठे.